इंद्रधनुषी जर्सी, खेळाडूची संमती आणि गावची कबड्डी स्पर्धा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती येथेच तुमच्या लक्षात येईल. तासगाव तालुक्यातील तुमच्या गावात मंडळाची दिवस-रात्र कबड्डी स्पर्धा दरवर्षी भरते. मंडळाचा एक जुना खेळाडू आता नोकरीनिमित्त परदेशात असतो आणि यंदा त्याने एका दिवसाचा सगळा खर्च देऊ केला आहे. तो दिवस समलिंगी आणि तृतीयपंथी खेळाडूंच्या सन्मानाचा म्हणून जाहीर व्हावा आणि यजमान संघाने त्या दिवशी या समुदायाची खूण मानल्या जाणाऱ्या इंद्रधनुष्याच्या रंगांची जर्सी घालून खेळावे, अशी त्याची अट आहे. 12 जणांच्या संघातील 5 जणांनी जर्सीला नकार दिला आहे. मंडळातील काहींचे म्हणणे ‘खेळात राजकारण नको’ असे आहे. अमेरिकेत आणि युरोपात मोठमोठ्या व्यावसायिक संघांना जे धड जमले नाही, ते गावच्या मंडळाने अंगावर घ्यावे का, असे तुम्ही विचारता.

माझे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. तो दिवस मंडळाने जरूर पाळावा, मात्र जर्सीची अट देणगीदाराला समजावून मागे घ्यायला लावावी. त्या दिवशी जे सांगायचे आहे ते मंडळाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या माईकवरून आणि स्वतःच्या नियमपत्रिकेतून सांगावे. खेळाडूच्या पाठीवर ते ओझे देऊ नये. मी 27 वर्षे सांगली आणि सातारा जिल्ह्यांत कबड्डीचा प्रशिक्षक, पंच आणि स्पर्धांचा संयोजक म्हणून काम करत आलो आहे. तरीही माझे मत तुमच्या गावाला जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणणार नाही. संघात अठरा वर्षांखालील मुले किती आहेत, देणगीदाराचे गावात आज काय स्थान आहे, मंडळातील वडीलधारी माणसे नेमकी कशाला बिचकतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याच्याकडे या दिवसामुळे लोकांची बोटे वळतील असा एखादा मुलगा गावात आहे का, यावर बरेच काही अवलंबून आहे, आणि ते तुम्हालाच ठाऊक असणार.

तुमच्या मंडळातील चर्चेत तीन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले आहेत असे मला वाटते. मैदानाने या माणसांना ‘तुम्ही आमचेच आहात’ असे जाहीरपणे सांगावे का, हा पहिला. ते सांगण्यासाठी प्रत्येक खेळाडूच्या अंगावर खूण चढवावी का, हा दुसरा. आणि तृतीयपंथी खेळाडूने कोणत्या गटातून खेळावे, हा तिसरा. शेवटच्या प्रश्नाचा तुमच्या स्पर्धेशी संबंध नाही. तो शरीरबळ, सुरक्षितता आणि न्याय्य स्पर्धा यांचा प्रश्न आहे आणि त्यावर खेळांच्या मध्यवर्ती संस्था आपापले नियम करत आहेत. पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये खेळता येणार नाही, असा नियम आयसीसीने नोव्हेंबर 2023 मध्ये केला. तो नियम योग्य वाटो वा अयोग्य, तुमच्या एका दिवसाच्या निर्णयात तो विषय ओढून आणला तर चर्चा कधीच संपणार नाही. पहिले दोन प्रश्न मात्र एकमेकांपासून सोडवून पाहायला हवेत, कारण परदेशातील बहुतेक भांडणे ते दोन्ही एकच मानल्यामुळे झाली आहेत.

असे कार्यक्रम मुळात का सुरू झाले हे फार थोड्यांना ठाऊक असते. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल क्लबच्या मैदानावर ऑगस्ट 2000 मध्ये दोन स्त्रियांनी एकमेकींचे चुंबन घेतले, म्हणून सुरक्षारक्षकांनी त्यांना प्रेक्षकांतून उठवून बाहेर काढले. प्रकरण वाढल्यावर क्लबने माफी मागितली, समलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांना 5,000 तिकिटे दिली आणि सप्टेंबरमध्ये सामन्याची एक रात्र त्यांच्यासाठी राखली. पैसे भरून सामना पाहायला आलेल्या माणसाला बाहेर काढले आणि मग त्याला मानाने आत बोलावले, असा तो प्रसंग आहे. याच क्लबकडून 1970 च्या दशकात ग्लेन बर्क खेळत असे. तो समलिंगी आहे हे सहकाऱ्यांना ठाऊक होते. त्याने लग्न करावे म्हणून क्लबच्या व्यवस्थापनाने पैसे देऊ केले होते, असे त्याने पुढे सांगितले. 1978 मध्ये त्याला दुसऱ्या क्लबकडे धाडण्यात आले आणि तिशी गाठण्याआधीच त्याचा खेळ संपला. 1995 मध्ये तो वारला. 2 ऑक्टोबर 1977 रोजी संघातील सहकारी डस्टी बेकरने चेंडू प्रेक्षकांत फटकावल्यावर बर्कने हात उंच केला आणि बेकरने त्याच्या तळव्यावर जी टाळी दिली, ती ‘हाय फाइव्ह’ची सुरुवात मानली जाते. पकड यशस्वी झाली की तुमची मुले एकमेकांना जी टाळी देतात, ती बर्कचीच. क्लबने त्याच्या कुटुंबीयांना बोलावून त्याचा सन्मान केला तो जून 2022 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 27 वर्षांनी. मैदानाने वेळेवर काहीच न बोलण्याची ही किंमत आहे, आणि म्हणून मी पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंकोचपणे ‘होय’ असे देतो.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र माझे उत्तर वेगळे आहे. जानेवारी 2023 मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्स या बर्फावरील हॉकीच्या संघाने सामन्यापूर्वीच्या सरावात इंद्रधनुषी जर्सी घातली, तेव्हा इव्हान प्रोव्होरोव्ह या खेळाडूने आपल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती श्रद्धेचे कारण देऊन सरावात भाग घेतला नाही. पुढे सामना तो खेळला. त्यानंतर इतर संघांतही नकार येऊ लागले, काही संघांनी ठरलेल्या जर्सी वापरल्याच नाहीत, आणि जून 2023 मध्ये एनएचएल या अमेरिका-कॅनडातील हॉकी संघटनेने सरावातील सर्वच विशेष जर्सी बंद केल्या. त्यात कर्करोगाविषयीच्या जनजागृतीची आणि सैनिकांच्या सन्मानाची जर्सीही गेली. ऑक्टोबरमध्ये हॉकी स्टिकला गुंडाळायच्या इंद्रधनुषी चिकटपट्टीवरही बंदी आली. ट्रॅव्हिस डर्मॉट या खेळाडूने ती बंदी मोडून पट्टी वापरली आणि काही दिवसांतच संघटनेला बंदी उठवावी लागली. म्हणजे आधी ज्याला घालायची नव्हती त्याच्यावर दडपण आले आणि नंतर ज्याला स्वतःहून वापरायची होती त्याला मनाई झाली. दोन्ही वेळा चूक एकच होती, खेळाडूच्या मनातील गोष्ट संघटनेने ठरवण्याची.

तुमच्या परिस्थितीशी सर्वांत जवळचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील मॅनली सी ईगल्स या रग्बी लीग संघाचे आहे. जुलै 2022 मध्ये क्लबने एका सामन्यासाठी इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी तयार केली. ती घालणार का, हे खेळाडूंना कोणी विचारलेच नव्हते. सात खेळाडूंनी धार्मिक आणि सांस्कृतिक कारणांनी नकार दिला, ते त्या सामन्याला उतरले नाहीत, आणि मॅनली तो सामना 20-10 असा हरला. प्रशिक्षक डेस हॅसलर यांनी पत्रकार परिषदेत जाहीर माफी मागितली, ती विचारविनिमय न केल्याबद्दल, आणि या गोंधळामुळे ज्या समलिंगी व्यक्तींना वेदना झाल्या त्यांचीही. याच क्लबकडून एकेकाळी खेळलेला इयन रॉबर्ट्स 1995 मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर करणारा त्या खेळातील पहिला खेळाडू होता. आपल्याच जुन्या संघातील सात जणांचा नकार त्याला वर्तमानपत्रातून वाचावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते. ज्याचा सन्मान करायचा त्यालाच नकारांची जाहीर मोजदाद ऐकायला लावणारा समारंभ कोणाच्या उपयोगाचा? तुमच्या संघात आज ‘बारातले पाच’ ही मोजदाद सुरू झालेली आहे. ती गावभर होण्याआधी थांबवा.

क्रिकेटमधील एक प्रसंग आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर 2021 मध्ये टी-20 विश्वचषकात वेस्ट इंडिजविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने सर्व खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघ्यावर बसलेच पाहिजे असा आदेश काढला आणि क्विंटन डी कॉकने सामन्यातून माघार घेतली. विषय निराळा, पण घडण तीच. पुढे त्याने माफी मागितली, गुडघ्यावर बसला, आणि आपल्या घरातच सावळ्या वर्णाच्या बहिणी आहेत, आपला विरोध भावनेला नसून ऐनवेळच्या सक्तीला होता असे सांगितले. याच संघातील हाशिम अमलाचे उदाहरण त्याच्या अगदी उलट आहे. बिअर कंपनीचे बोधचिन्ह जर्सीवर लावणे त्याच्या धर्माला मान्य नव्हते, मंडळाने ते शांतपणे मान्य केले, आणि त्याने 2012 मध्ये ओव्हलवर नाबाद 311 धावा केल्या तेव्हा संघाचे काही बिघडले नाही. बिअरच्या बोधचिन्हाला नकार देणाऱ्याचा मान राखता येतो, तर इंद्रधनुष्याला नकार देणाऱ्याचाही राखता आला पाहिजे. मी हे तुमच्या त्या पाच जणांच्या बाजूने लिहितो आहे, आणि त्यांच्या मताशी माझे मत जुळत नसतानाही लिहितो आहे.

‘खेळात राजकारण नको’ या म्हणण्याबद्दल मला सरळ बोलायला हवे. आपल्या भागातील एकाही कबड्डी स्पर्धेत मी राजकारणाशिवायचे मैदान पाहिलेले नाही. प्रवेशद्वाराच्या कमानीवर, गुणफलकाच्या खाली, चषकाच्या पायथ्याशी आपण ज्यांची नावे आणि छायाचित्रे लावतो ती कोणाची असतात, हे मंडळाचे सचिव म्हणून तुम्हाला सांगायला नको. शिवाय एखाद्या कारणासाठी संघाने वेगळा रंग घालणे हे आपल्या प्रेक्षकांना नवे नाही. बंगळूरुचा आयपीएल संघ 2011 पासून पर्यावरणासाठी हिरवी जर्सी घालत आला आहे, गुजरात टायटन्सने 2023 मध्ये कर्करोगाविषयीच्या जागृतीसाठी फिकट जांभळी घातली, आणि सिडनीची कसोटी 2009 पासून गुलाबी रंगात खेळली जाते. त्यांना कोणी राजकारण म्हटले नाही. तेव्हा ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या सदस्याला बाजूला बसवून, नेमके काय नको आहे, असे आपुलकीने विचारा. माझा अनुभव असा, की त्यामागे बहुतेक वेळा एक भीती असते: गावाचे नाव खराब होईल, सोयरीक जमवताना कोणी काही बोलेल, पोलीस परवानगीला अडचण येईल. यातल्या शेवटच्या भीतीचे उत्तर सोपे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क 15 एप्रिल 2014 च्या निकालानेच मान्य झाले होते, आणि इतिहासाने या समुदायाची क्षमा मागायला हवी असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी 2018 च्या निकालपत्रात लिहिले आहे. उरलेल्या दोन भीती मात्र खऱ्या आहेत आणि त्यांना हसण्यावारी नेऊ नका.

आणि हे लोक आपल्यापासून फार लांब आहेत असेही नाही. 26 मार्च 2023 रोजी महिलांच्या प्रीमियर लीगच्या पहिल्या अंतिम सामन्यात मुंबईला जिंकून देणारी नाबाद 60 धावांची खेळी नॅट सिव्हर-ब्रंटची होती. तिची जोडीदार कॅथरीन हीदेखील इंग्लंडची माजी वेगवान गोलंदाज. दोघींचे लग्न मे 2022 मध्ये झाले. समोरच्या दिल्लीच्या संघात मारिझान कॅप होती, जिचे लग्न डेन व्हॅन नीकर्कशी झालेले आहे, आणि व्हॅन नीकर्क त्या वर्षी बंगळूरुच्या संघात होती, ज्याची कर्णधार आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना. तो अंतिम सामना मी विश्रामबागेतील एका मित्राकडे घरच्या सगळ्यांबरोबर पाहिला. नॅटच्या प्रत्येक चौकाराला मित्राच्या आईने टाळ्या वाजवल्या. सामना संपल्यावर नातीने तिला नॅटच्या लग्नाची गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “असू दे की, पोरगी खेळली चांगली.” व्यावसायिक खेळ एवढे करू शकतो. मात्र परदेशी खेळाडूविषयी हे म्हणणे सोपे असते. ओडिशातील चाका गोपालपूरच्या द्युती चंदने मे 2019 मध्ये आपले एका मुलीवर प्रेम असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिला घरातून आणि गावातून विरोध सोसावा लागला. शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम तिच्या नावावर असूनही.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय मला स्वतःचा वाटतो ती सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे सतरा वर्षांचा एक चढाईपटू होता. बोनस रेषेवर पाय टाकण्याची त्याची हातोटी मी नंतर कोणात पाहिली नाही. डावीकडून तिरका शिरायचा, कोपरारक्षक अर्धा पाऊल हलला की उजव्या पायाची बोटे रेषेपलीकडे टेकवायचा, डावा पाय हवेत, आणि पंचाचा हात वर जाईपर्यंत हा मध्यरेषेजवळ परत. चालणे-बोलणे थोडे नाजूक होते, इतकेच. जिल्ह्यातील एका स्पर्धेत समोरच्या संघाच्या साखळीने तो आत शिरला की दबक्या आवाजात ‘बायल्या, बायल्या’ म्हणायला सुरुवात केली. पहिल्या चढाईला त्याने बोनस घेतला. दुसऱ्या चढाईला रिकामा परतला. तिसऱ्या चढाईला तो मैदानाच्या मधोमध उभा राहिला, तोंडातला ‘कबड्डी’चा उच्चार थांबला, आणि दम तुटला म्हणून पंचाने त्याला बाद दिले. कोणी त्याला हातही लावला नव्हता. मी रेषेबाहेर बसलो होतो आणि ते शब्द मला ऐकू येत होते. पंचाकडे दाद मागण्याचा अधिकार मला होता. मी मागितली नाही, उलट मध्यंतरात त्यालाच ‘मन घट्ट कर’ म्हणून सुनावले. पुढच्या सोमवारी तो सरावाला आला नाही आणि नंतर कधीच आला नाही. त्याचे गुडघ्याचे पॅड वर्षभर कपाटात पडून होते.

बऱ्याच वर्षांनी तो मला मिरज स्थानकावर भेटला. दुसऱ्या शहरात तो एका पुरुषाबरोबर संसार करून राहतो. मी त्याची क्षमा मागितली आणि त्या दिवशी मी काय करायला हवे होते असे विचारले. तो म्हणाला, “सर, तुम्ही नुसते उठून उभे राहिला असता तरी मी खेळलो असतो.” त्याने जर्सी मागितली नव्हती, झेंडा मागितला नव्हता. नियमाप्रमाणे ज्याला ताकीद मिळायला हवी होती त्याला ती मिळावी, एवढेच त्याचे मागणे होते. असभ्य भाषेला पंच हिरवे कार्ड दाखवू शकतो, प्रकार वाढल्यास पिवळे दाखवून खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसवू शकतो. नियम तेव्हाही होता. तो या शब्दासाठी वापरायचा असतो, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

म्हणून तुमच्या त्या दिवसाची सुरुवात मी संघव्यवस्थापकांच्या सभेपासून करेन. सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी ही सभा होतेच. तेथे पंचप्रमुखाने स्पष्ट सांगावे, की ‘बायल्या’, ‘छक्का’ आणि त्या प्रकारचा कोणताही शब्द मैदानात ऐकू आला तर कार्ड निघेल, पहिल्याच वेळी निघेल, आणि यजमान संघालाही निघेल. हाच मजकूर नियमपत्रिकेत छापा. दुसरी गोष्ट माईकवरच्या निवेदकाची. गावच्या कबड्डीत निवेदकाचा शब्द पंचाच्या शिट्टीपेक्षा लांब जातो, आणि पकड सुटली की ‘बांगड्या भर’ म्हणण्याची सवय अनेक चांगल्या निवेदकांनाही आहे. त्याला आधी भेटा, दिवसाचा हेतू सांगा, आणि चार वाक्यांचे निवेदन मंडळाच्या नावाने लिहून द्या. रंग हवेच असतील तर ते पताकांत, गुणफलकाच्या चौकटीत, चषकाच्या फितीत आणा. मंडळाची जागा मंडळाने रंगवावी. तिथे कोणाचा हात धरण्याचा प्रश्न येत नाही.

खेळाडूंसाठी ऐच्छिक खूण ठेवावी का, हाही प्रश्न निघेल. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये 2013 पासून बुटांच्या इंद्रधनुषी नाड्यांची मोहीम चालली, ती मुळात ऐच्छिक होती. पण पुढे प्रीमियर लीगमध्ये कर्णधारांच्या दंडावर तशीच पट्टी आली, आणि 2024 च्या अखेरीस इप्सविचच्या सॅम मोर्सीने श्रद्धेपोटी ती बांधली नाही आणि क्रिस्टल पॅलेसच्या मार्क गेहीने बांधली ती तिच्यावर येशूवरील प्रेमाचे शब्द लिहून, तेव्हा आठवडाभर चर्चा फक्त त्या दोन दंडांची झाली. शहरात हे निभते. गावात ज्याने नाडी बांधली त्याच्याकडे ‘हा पण तसलाच का’ म्हणून पाहतील, आणि ज्याने बांधली नाही त्याला देणगीदाराचे मित्र मागासलेला म्हणतील. ज्याला आपली ओळख लपवूनच राहावे लागते, त्याची तर दोन्हीकडून कोंडी होईल. तुमच्या आकाराच्या गावात पहिल्या वर्षी तरी अंगावर काहीच नको, असे माझे ठाम मत आहे. आपण कोण आहोत हे कोणालाही जाहीर करायला लावू नका, आणि मुले सज्ञान नसतील तर त्या दिवसाच्या नावाने त्यांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय कोठेही टाकू नका.

नकार देणाऱ्या पाच जणांशी तुम्ही स्वतः एकेकट्याने बोला. कबड्डी अंगाला अंग भिडणारा खेळ आहे, आणि ‘तसल्याबरोबर पकडीत जायचे का’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतो. त्याला मी सांगतो, की इतकी वर्षे तू ज्यांच्याबरोबर पकडीत गेलास त्यांच्यातही असे कोणी असेलच, आणि तुला कधी काही खटकले नाही, कारण पकडीत प्रत्येकाचे लक्ष घोट्यावर आणि कमरेवर असते. जर्सी न घालण्याचा त्या पाचही जणांचा हक्क मी मानतो. मात्र ‘तसा खेळाडू संघात असेल तर मी खेळणार नाही’ असे कोणी म्हणाला, तर ती श्रद्धा राहत नाही, दुसऱ्याला मैदानाबाहेर काढणे होते, आणि तेथे मंडळाने खेळाडू गमावण्याची तयारी ठेवावी.

कोणी संस्कृतीचा मुद्दा काढेल, आणि त्याला उत्तर म्हणून कोणी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांचे, म्हणजे देवीला वाहिलेल्या आणि स्त्रीवेशात वावरणाऱ्या पुरुषांचे, उदाहरण देईल. डोक्यावर देवीचा ‘जग’ (मूर्ती ठेवलेली परडी) घेऊन दारात आलेल्या जोगत्याला आपल्या आया-आज्या हात जोडतात हे खरे आहे. पण ती परंपरा आणि आजच्या समलिंगी तरुणाचे जगणे एक नाही, आणि त्या परंपरेत अनेकांची फरपटही झाली आहे. म्हणून चर्चेत पुरावा म्हणून ते उदाहरण वापरू नये असे मला वाटते. त्यापेक्षा सांगलीत 1990 च्या दशकापासून काम करणाऱ्या ‘संग्राम’सारख्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना आधी एकदा भेटा. समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींबरोबर त्यांचे काम आहे, आणि आपल्या भागात काय बोलले म्हणजे लागते आणि काय केले म्हणजे आधार वाटतो, हे ते सांगू शकतील. पाहुणे म्हणून कोणाला बोलावलेत तर त्यांना इतर पाहुण्यांच्या रांगेत बसवा, नाणेफेक करायला सांगा, बक्षीस द्यायला सांगा. नाचायला सांगू नका.

एकदा ठरवले की मागेपुढे करू नका. 2023 मध्ये डॉजर्सने नन्सच्या वेशात समाजकार्य करणाऱ्या एका गटाला अशाच रात्रीसाठी सन्मानाला बोलावले, कॅथलिक संघटनांच्या आक्षेपांनंतर आमंत्रण मागे घेतले, आणि थोड्याच दिवसांत माफी मागून पुन्हा दिले. 16 जूनला मैदानाबाहेर हजारो निदर्शक जमले आणि क्लबचेच काही खेळाडू जाहीरपणे नाराज झाले. आक्षेप येणार हे गृहीत धरून कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव करा, तो इतिवृत्तात नोंदवा, आणि विरोध करणाऱ्या सदस्यांचे मतही त्यातच नोंदवा. एवढा ठराव होणार नसेल तर यंदा दिवस जाहीर करू नका, फक्त पंचांची ताकीद लागू करा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विषय घ्या. त्यानेही बरेच साधते.

देणगीदाराला पत्र तुम्हीच लिहा, फोनवर हे बोलणे नीट होत नाही. त्याची भावना मंडळाने स्वीकारली आहे हे पहिल्या ओळीत येऊ द्या, मॅनलीचा प्रसंग सांगा, आणि जर्सीसाठी ठेवलेल्या पैशांतून स्त्री-पुरुष सर्व खेळाडूंसाठी कड्या लागणाऱ्या कपडे बदलण्याच्या खोल्या उभारता येतील का, असे विचारा. तुमच्या मैदानावर आजही ताडपत्री बांधूनच काम भागवले जाते हे मी पंच म्हणून येऊन पाहिलेले आहे. तो स्वतः याच मंडळात खेळलेला आहे आणि त्याने हा विषय का काढला याचे कारण कदाचित त्याच ताडपत्रीमागे असेल, तेव्हा ते त्याला विचारू नका, पण पत्राचा सूर तसा ठेवा. तारखेबाबतही त्याला लिहा. न्यूयॉर्कमधील समलिंगी व्यक्तींच्या 28 जून 1969 च्या उठावाच्या स्मरणार्थ परदेशात असे कार्यक्रम बहुतांशी जूनमध्ये होतात आणि त्याचाही आग्रह तोच असणार, पण आपल्याकडे जूनमध्ये पेरण्या असतात, मैदानात चिखल असतो आणि निम्मा संघ शेतात असतो. तुमची नेहमीची स्पर्धा जानेवारीत असते ना? मग उपांत्य फेरीचा दिवस निवडा. त्या रात्री गर्दी सर्वांत जास्त असते.